नाव दाखवणारी बटणं: दिव्यांच्या बोर्डावर ओएलईडी आणि ईएसपी३२

आठ बटणांचा स्विचबोर्ड पाहुण्याला कधीच कळत नाही. बाल्कनीचा दिवा लावायला जावं तर पंखा बंद होतो. बटणाच्या वर बोटभर स्क्रीन असली, तीवर 'देवघर', 'जिना', 'ओटा' असं नाव दिसलं आणि दिवा चालू आहे की बंद तेही कळलं, तर विचारत बसायची गरज उरत नाही. असा चार दिव्यांचा बोर्ड कसा जोडायचा ते खाली दिलं आहे. त्याचा मेंदू ईएसपी३२, म्हणजे वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम करता येणारी चिप), आणि स्क्रीन ओएलईडीची, म्हणजे स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांची. नागपुरातल्या घराचा हिशेब धरला आहे: मे महिन्यात तव्यासारखी तापणारी पश्चिमेची भिंत, त्याच लाईनवर चालणारा कूलर, आणि जूनच्या तोंडावरची वादळं.

जोडणी ठरवण्याआधी एक अट पक्की करा. मायक्रोकंट्रोलर मेला, वायफाय गेलं, स्क्रीन काळी पडली, तरी दिवा हाताने लागलाच पाहिजे. इंटरनेटवरच्या बहुतेक आकृत्यांमध्ये भिंतीवरचा स्विच काढून तिथे रिले (विजेच्या इशाऱ्याने चालणारा स्विच) बसवलेला असतो. घरात म्हातारी माणसं असतील तर ते करूच नका. खालची सगळी जोडणी टू-वे स्विचवर उभी आहे, जिन्यात वर-खाली दोन स्विच असतात तशी. फरक एवढाच की दुसऱ्या स्विचच्या जागी रिले येतो.

स्क्रीन निवडताना

बटणाच्या टोपीतच स्क्रीन असलेले तयार स्विच मिळतात. एनकेके ही जपानी कंपनी ते बनवते. वस्तू देखणी आहे, पण घरच्या दिव्यांसाठी तिची किंमत झेपत नाही. आपलं काम ०.९६ इंची ओएलईडीवर भागतं: १२८ बाय ६४ पिक्सेल, एसएसडी१३०६ चिप, आयटूसी (दोन तारांवर चिपांचं बोलणं), चार पिना. तिच्या खाली १२ बाय १२ मिलिमीटरचं टॅक्टाइल (दाबल्यावर टिक् करणारं) बटण बसवायचं. स्क्रीनच दाबता यावी म्हणून तिच्या मागे बटण लावण्याचा मोह होतो, पण काच आणि पट्टी यांना जोडणारी पातळ फीत रोजच्या दाबाने तुटते. स्क्रीन वर, बटण खाली, हेच टिकतं.

टच सेन्सर टाळा. टीटीपी२२३ची छोटी पट्टी स्वस्त आणि छान असते, पण कूलरच्या दमट हवेत आणि ओल्या हाताला ती आपोआप लागते. वीज येते त्या क्षणी ती स्वतःला जुळवून घेते. नेमका तेव्हा हात जवळ असला तर काही वेळ ती बहिरी होऊन बसते.

बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, स्क्रीन घेताना चारही एकाच लॉटमधल्या घ्या आणि दुकानातच मागची छपाई वाचा. काहींवर पहिली पिन जीएनडी (ग्राउंड) आणि दुसरी व्हीसीसी (वीज देण्याची) असते, काहींवर नेमकं उलटं. दिसायला दोन्ही सारख्या. उलटी जोडलेली स्क्रीन काही सेकंदांत गरम होते आणि संपते. १.३ इंची स्क्रीन मोठी दिसते म्हणून आवडते, पण तिच्यात बहुतेक वेळा एसएच११०६ चिप असते. तिची आतली मेमरी १३२ रकान्यांची, त्यामुळे एसएसडी१३०६चा प्रोग्राम चालवला की चित्र दोन पिक्सेल सरकतं आणि कडेला कचऱ्याची उभी रेघ दिसते. लायब्ररीत चिपचं नाव बदललं की ते सुटतं. पिवळ्या-निळ्या स्क्रीनमध्ये वरच्या १६ ओळी पिवळ्या आणि खालच्या ४८ निळ्या असतात, आणि रंग प्रोग्रामने बदलत नाहीत. ती घेतली तर वर चालू-बंद आणि खाली नाव, अशी मांडणी करा. नाहीतर 'देवघर'ची शिरोरेषा पिवळी आणि बाकी अक्षर निळं होतं.

सामान

- ईएसपी३२ डेव्हलपमेंट बोर्ड १
- ०.९६ इंची ओएलईडी ४, जमल्यास एक जादा
- टीसीए९५४८ए आयटूसी मल्टिप्लेक्सर मॉड्यूल (एकाच पत्त्याच्या अनेक स्क्रीन जोडू देणारं) १
- १२ मिमी टॅक्टाइल बटणं टोप्यांसह ४
- पाच व्होल्ट चार चॅनेल रिले मॉड्यूल १, लो-लेव्हल ट्रिगरवालं (इनपुट शून्याकडे ओढला की लागणारं)
- यूएलएन२००३ आयसी (ईएसपी३२ आणि रिले यांच्या मधला) आणि १६ पिनचा सॉकेट
- २३० व्होल्ट एसी ओळखणारं चार चॅनेल ऑप्टोकपलर (दोन्ही बाजू वेगळ्या ठेवून प्रकाशाने इशारा देणारं) मॉड्यूल १
- पाच व्होल्ट दोन अँपचा बंद एसएमपीएस (२३० व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा) मॉड्यूल १ (हाय-लिंकचा १०एम०५ चालेल)
- एक अँप स्लो-ब्लो फ्यूज होल्डरसह, १४डी४७१के एमओव्ही (व्होल्टेजचा झटका शोषणारा) १
- मॉड्युलर टू-वे स्विच ४
- १० किलोओहम रेझिस्टर ८, ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक कपॅसिटर ८, ४७० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर १

शेवटचा कपॅसिटर १०५ अंशांचाच मागा. दुकानदार ८५चा पुढे करतो. तापणाऱ्या बंद डब्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळ्यात आधी म्हातारा होतो आणि १०५वाला कितीतरी जास्त काळ टिकतो. पैशांचा फरक नाममात्र असतो. एमओव्ही ४७१चा घेण्यामागेही कारण आहे. तो ३०० व्होल्ट एसीपर्यंत शांत राहतो. ४३१चा २७५लाच हद्दीवर येतो आणि व्होल्टेज वर चढलेल्या रात्री हकनाक तापत राहतो.

एसएमपीएस दोन अँपचा का? चार रिले एकदम ओढले तर प्रत्येकी साधारण ७० मिलिअँप धरून २८०. चार स्क्रीन पूर्ण उजळल्या तर ८० च्या आसपास. ईएसपी३२ वायफायवर बोलताना क्षणभर ५०० पर्यंत झेप घेतो. बेरीज ८६० मिलिअँप. सगळ्यांच्या हातात असतो तो ६०० मिलिअँपचा लहान मॉड्यूल इथे पुरत नाही: दोन रिले लागले की 'ब्राउनआउट' (व्होल्टेज पडलं) असा संदेश देऊन ईएसपी३२ पुन्हा सुरू होतो, आणि माणूस प्रोग्राममधली चूक शोधत बसतो. शिवाय उष्णतेत असे मॉड्यूल पूर्ण करंट देत नाहीत. दुप्पट क्षमता ही चैन समजू नका.

डब्यांची मांडणी

दोन डबे एकावर एक. खालच्या खोल डब्यात २३० व्होल्टचं सगळं: टू-वे स्विच, रिले, एसएमपीएस, फ्यूज, ऑप्टोकपलर. वरच्या डब्यात स्क्रीन, बटणं, मल्टिप्लेक्सर आणि ईएसपी३२. दोन्हींमधून फक्त लो-व्होल्टेजच्या तारा जातील, एका स्वतंत्र भोकातून, रबरी ग्रोमेट लावून. रिले आणि ऑप्टोकपलर मॉड्यूलवर दोन्ही बाजू एकत्र येतात, तिथे मेन्सची तार आणि सिग्नलची तार यांच्यात किमान ८ मिलिमीटर अंतर ठेवा आणि सैल तारा टायने बांधा. स्क्रूमधून निसटलेली एक तार पाच व्होल्टच्या पट्टीवर टेकली तर पुढचं बटण दाबणाऱ्याच्या बोटापर्यंत फेज येते.

वरचा डबा प्लास्टिकचाच हवा. फ्लॅटमधल्या कन्सिल्ड वायरिंगचे डबे बरेचदा जीआय पत्र्याचे असतात. पत्र्याच्या डब्यात ईएसपी३२चा अँटेना कोंडला जातो, मग राउटर शेजारच्या खोलीत असूनही सिग्नल तुटतो. खालचा डबा पत्र्याचा असेल तर त्याला अर्थिंग द्या.

नागपुरातल्या महाल-इतवारीच्या जुन्या घरांत आधी बोर्ड उघडून पाहा. तिथे कधी बोर्डात न्यूट्रलच नसतो. फेज स्विचमधून वर जाते आणि न्यूट्रल छतावरूनच दिव्याला जातो. एसएमपीएसला न्यूट्रल हवाच. बोर्डावर सॉकेट असेल तर न्यूट्रल तिथे आलेला असतो, नसेल तर वायरमनकडून ओढून घ्यावा लागेल. अर्थिंगच्या तारेचा न्यूट्रल म्हणून वापर करू नका. आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) असेल तर तो ट्रिप होऊ शकतो, आणि नसेल तर घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या वस्तूच्या पत्र्यावर तुम्ही धोका सोडलेला असेल.

२३० व्होल्टच्या बाजूचं काम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या. त्याला ही आकृती नवीन नाही, जिन्याच्या दिव्याची जोडणी तो रोज करतो.

दिव्याची बाजू

मेन स्विच बंद, टेस्टरने आणि मग मल्टिमीटरने खात्री, मगच हात. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. भर उन्हाच्या उजेडात त्याचा निऑन दिसत नाही.

फेजची लाल तार टू-वे स्विचच्या मधल्या टर्मिनलला. वरच्या आणि खालच्या टर्मिनलपासून १.५ चौरस मिलिमीटरच्या दोन तारा रिलेच्या एनओ (रिले ओढल्यावर जुळणारं) आणि एनसी (रिले पडलेला असताना जुळलेलं) या टोकांना. रिलेच्या सीओएमपासून, म्हणजे सामाईक टोकापासून, तार दिव्याला. दिव्याची दुसरी तार न्यूट्रलला, जशी होती तशीच. चारही दिव्यांना हेच.

आता रिले पडलेला असताना, म्हणजे ईएसपी३२ बंद असतानाही, भिंतीवरचा स्विच एनसीमधून दिवा लावतो आणि विझवतो. रिले ओढला की उलटं होतं. यातून एक अडचण येते: रिले कुठल्या स्थितीत आहे यावरून दिवा चालू आहे की नाही ते कळत नाही, कारण भिंतीवरचा स्विच कोणीही फिरवू शकतं. म्हणून ऑप्टोकपलर. त्याच्या एका चॅनेलचं एक टोक रिलेच्या सीओएमला, म्हणजे दिव्याच्या तारेला, आणि दुसरं न्यूट्रलला. दिव्याला वीज असली की ते मॉड्यूल ईएसपी३२ला सांगतं. स्क्रीनवर 'चालू' दिसतं ते अंदाजाने नाही, तारेत वीज आहे म्हणून.

एसएमपीएसची फेज आधी फ्यूजमधून न्या, फ्यूजनंतर फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये एमओव्ही जोडा. क्रम उलटा केला तर वीज कडाडल्यावर शॉर्ट झालेला एमओव्ही थेट लाईनवर जळत राहील. फ्यूजनंतर असला तर फ्यूज उडतो आणि प्रकरण तिथेच मिटतं.

रिलेवर '१० अँप २५० व्होल्ट' छापलेलं असतं, ते साध्या रेझिस्टिव्ह भारासाठी. एलईडी ट्यूबच्या ड्रायव्हरमध्ये आतच कपॅसिटर असतो. लागण्याच्या क्षणी तो रिकामा असतो आणि मिलिसेकंदाच्या एका भागापुरता तिच्या नेहमीच्या करंटच्या कित्येक पट करंट ओढतो. एका रिलेवर दहा-बारा ट्यूब टाकल्या की संपर्क चिकटायला लागतात. आधी दिवा कधीमधी बंद होत नाही, डब्यावर टिचकी मारली की होतो. टिचकीने बंद झाला म्हणजे तो रिले बदलायचा. एका रिलेवर पाच-सहा ट्यूब ही हद्द ठेवा.

रिलेच्या संपर्कांवर ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (ठिणगी दाबणारा कपॅसिटर) लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. एलईडी दिव्यांसाठी तो चुकीचा आहे. ५० हर्ट्झला त्या कपॅसिटरमधून सुमारे ७ मिलिअँप झिरपतात, आणि तेवढ्यावर बंद असलेला एलईडी बल्ब मंद जळतो किंवा रात्रभर लुकलुकतो.

पाच व्होल्टची बाजू

एसएमपीएसचे पाच व्होल्ट रिले मॉड्यूलच्या व्हीसीसीला आणि ईएसपी३२च्या पाच व्होल्टच्या पिनला. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ईएसपी३२च्या अगदी जवळ. रिले मॉड्यूलवरचा जेडी-व्हीसीसीचा जंपर आहे तसाच राहू द्या.

लो-लेव्हल ट्रिगरवालं मॉड्यूल ईएसपी३२च्या पिनेला थेट जोडलं तर ५ आणि ३.३ व्होल्टचा फरक आडवा येतो. काही मॉड्यूल अर्धवट लागलेले राहतात, काही वीज येताच एकदा खट् करून दिवा लावून टाकतात. मध्ये यूएलएन२००३ घातला की दोन्ही तक्रारी जातात. त्याच्या १ ते ४ पिना ईएसपी३२च्या २५, २६, २७ आणि २३ या पिनांना. समोरच्या १६, १५, १४, १३ या पिना रिले मॉड्यूलच्या आयएन१ ते आयएन४ला. ८ नंबर जीएनडीला. ९ नंबर मोकळी. आता ईएसपी३२ची पिन हाय (३.३ व्होल्ट) केली की रिले ओढतो, आणि सुरू होताना पिन अधांतरी असली तरी रिले शांत राहतो.

पिना मनाने बदलू नका. ६ ते ११ आतल्या फ्लॅशच्या आहेत. ०, २, ५, १२, १५ या पिना सुरू होताना बोर्डाचं वागणं ठरवतात. १२ला बाहेरून हाय मिळालं तर बोर्ड सुरूच होत नाही. ३४ ते ३९ फक्त इनपुटसाठी, आणि त्यांना आतला पुल-अप (पिन हायकडे ओढून धरणारा रेझिस्टर) नसतो. म्हणून ऑप्टोकपलरचे चार आउटपुट ३४, ३५, ३६, ३९ला द्या आणि प्रत्येकाला ३.३ व्होल्टकडे १० किलोओहम बाहेरून लावा. मॉड्यूलवर आधीच पुल-अप असेल तर तो ३.३कडेच आहे ना हे मीटरने बघा. ५कडे असेल तर तो काढा. ईएसपी३२च्या पिनांना ५ व्होल्ट सहन होत नाहीत.

बटणं ३२, ३३, १८, १९ला. एक पाय पिनेला, दुसरा जीएनडीला, पिनेवर १० किलोओहम ३.३कडे आणि ०.१ मायक्रोफॅरड जीएनडीकडे. चार पायांच्या बटणात दोन-दोन पाय आतून आधीच जोडलेले असतात. चुकीची जोडी धरली तर बटण कायम दाबलेलं दिसतं. कर्णावरचे दोन पाय धरले की चुकत नाही.

स्क्रीन आणि मल्टिप्लेक्सर

एसएसडी१३०६ला आयटूसीवर दोनच पत्ते शक्य आहेत: हेक्समध्ये ३सी आणि ३डी. मॉड्यूलच्या मागे ७८ आणि ७ए छापलेलं दिसतं, ते हेच पत्ते आठ बिटांत लिहिलेले. म्हणजे एका बसवर (तारांच्या एका जोडीवर) दोनच स्क्रीन मावतात, तेही एकीचा चिमुकला रेझिस्टर उखडून दुसऱ्या जागी लावला तर. मल्टिप्लेक्सर घेतला की चारही स्क्रीन ३सीवरच राहू द्यायच्या. दुसरा फायदा असा की प्रत्येक स्क्रीनवर तिचे स्वतःचे पुल-अप असतात. चारही एकाच तारेवर आल्या तर ४.७ किलोओहमचे चार मिळून १.२ किलोओहम होतात आणि चिपला तार खाली ओढणं जड जातं. वेगळ्या चॅनेलवर हा प्रश्नच येत नाही.

ईएसपी३२ची २१ नंबर पिन मल्टिप्लेक्सरच्या एसडीएला (डेटाची तार), २२ नंबर एससीएलला (क्लॉकची तार), ३.३ व्होल्ट व्हीआयएनला, जीएनडी जीएनडीला. एसडी०-एससी० पहिल्या स्क्रीनला, एसडी१-एससी१ दुसरीला, याप्रमाणे. आरएसटी पिन ईएसपी३२च्या १३ला जोडून ठेवा, पुढे उपयोग आहे. स्क्रीनना ३.३ व्होल्टच द्या. पाच दिले तरी त्या उजळतील, पण काही मॉड्यूल एसडीए तारेवर पाच व्होल्ट चढवतात. प्रत्येक स्क्रीनच्या पाठीशी ०.१ मायक्रोफॅरड.

तारा ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा. लॅनच्या केबलचा तुकडा यासाठी उत्तम: एका पिळात एसडीए आणि जीएनडी, दुसऱ्यात एससीएल आणि ३.३. एसडीए आणि एससीएल एकाच पिळात घेऊ नका, एकाचा आवाज दुसऱ्यावर उमटतो. बैठकीतला ईएसपी३२ आणि बेडरूममधली स्क्रीन असा आयटूसी ओढण्याच्या भानगडीत पडू नका. ती बस एका डब्यापुरती आहे. दुसऱ्या खोलीला दुसरा ईएसपी३२, आणि दोघांचं बोलणं वायफायवरून.

मराठी नावं कशी दाखवायची

या छोट्या स्क्रीनच्या नेहमीच्या लायब्ररी अक्षरं एकामागे एक ठेवतात, मात्रा आणि जोडाक्षरं जुळवत नाहीत. 'जिना' लिहिलं की वेलांटी 'ज'च्या डावीकडे न येता उजवीकडे येते, आणि 'स्वयंपाकघर'मधल्या 'स्व'चा पाय मोडतो. त्यावर वेळ घालवू नका. नाव कॉम्प्युटरवर चित्र म्हणून करा: १२८ बाय ६४, शुद्ध काळं-पांढरं, अँटी-अलियासिंग (कडा करड्या करून गुळगुळीत दाखवणं) बंद. जाड फॉन्ट घ्या. शिरोरेषा दोन पिक्सेलची तरी आली पाहिजे, नाहीतर दोन हातांवरून ती तुटक दिसते. अशा एका चित्राला १०२४ बाइट लागतात, म्हणजे चालूचं एक आणि बंदचं एक धरून चार दिव्यांचे ८ किलोबाइट. ईएसपी३२ला ते काहीच नाही.

चित्राचं रूपांतर करताना बिटांचा क्रम बघा. एक्सबीएम प्रकारात प्रत्येक बाइटचा सगळ्यात लहान बिट डावीकडे असतो, साध्या बिटमॅपमध्ये सगळ्यात मोठा. प्रकार एक आणि वाचणारं फंक्शन दुसरं असं झालं की 'देवघर' दुरून ओळखू येतं, पण जवळून पाहिलं तर दर आठ पिक्सेलचा तुकडा आरशातल्यासारखा उलटा असतो. हे दिसलं की चित्र पुन्हा करू नका, फंक्शन बदला.

प्रोग्रामचा क्रम

वीज आल्यावर पहिलं काम रिले. रिलेची शेवटची स्थिती फ्लॅशमध्ये ठेवलेली असावी आणि स्क्रीन, वायफाय वगैरे सुरू होण्याआधीच ती लागू व्हावी. नाहीतर रात्री तीनला वीज येऊन-जाऊन झाली की टू-वे जोडणीमुळे बंद दिवे लागलेले आणि लागलेले बंद, असा गोंधळ होतो. फ्लॅशमध्ये प्रत्येक दाबाला लिहू नका; बटण शांत झाल्यावर पाच सेकंदांनी, तेही स्थिती बदलली असेल तरच.

मग मल्टिप्लेक्सर. त्याचा पत्ता हेक्समध्ये ७०, आणि चॅनेल निवडायला एकच बाइट: १, २, ४ किंवा ८. इथे ३ पाठवलं तर पहिले दोन्ही चॅनेल उघडतात आणि दोन स्क्रीनवर एकच चित्र येतं. चारही स्क्रीन एकेक करून सुरू करा. सुरुवातीचा आदेश फक्त पहिलीला देऊन बाकीच्या काळ्या का, हा नेहमीचा घोळ आहे.

ऑप्टोकपलर वाचताना एकदाच वाचून निर्णय घेऊ नका. एसीमुळे त्याचा आउटपुट सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतो. ४० मिलिसेकंदांत एकदा जरी लो दिसलं तरी दिवा चालू. पूर्ण ४० मिलिसेकंद हाय राहिलं तर बंद. बटणाला ३० मिलिसेकंदांचा डिबाउन्स (दाबतानाची थरथर गाळणारी वाट) पुरतो.

ओएलईडीवर तेच चित्र महिनोन्‌महिने राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटतो. शेवटच्या स्पर्शानंतर अर्ध्या मिनिटाने उजेड अगदी कमी करा आणि पाच मिनिटांनी स्क्रीन बंद. पहिला दाब स्क्रीन जागी करण्यात वाया घालवू नका. अंधारात बटण दाबणाऱ्याला दिवा हवा असतो, त्याच दाबाला दिवा लागू दे.

कूलर

टेबलावर महिनाभर बिनचूक चाललेला बोर्ड कूलरच्या मोसमात बिघडतो. कूलरची मोटर आणि पंप बंद होताना लाईनवर जो झटका येतो, त्याने आयटूसीवर एखादा बिट सुटतो. मग स्क्रीनवर बर्फासारखे ठिपके येतात, चित्र उलटं होतं, किंवा ती काळी पडते. ईएसपी३२ व्यवस्थित असतो, बटणं चालतात, फक्त स्क्रीन गोंधळलेली असते, कारण तिच्या चिपमधली सेटिंग पुसली गेलेली असते. प्रत्येक रिले बदलल्यावर आणि एरवी मिनिटाला एकदा स्क्रीनला सुरुवातीचे आदेश पुन्हा द्या. डोळ्याला कळतही नाही. एखादी स्क्रीन एसडीए तार खाली धरून बसली तर १३ नंबर पिनेने मल्टिप्लेक्सर रीसेट करा, तेवढ्यासाठीच ती जोडली होती. तीच स्क्रीन पुन्हा पुन्हा अडकली तर तिची वीज काढून द्यावी लागते.

प्रोग्रामने झालं ते अर्धं. उरलेलं काम झटका उगमापाशी दाबण्याचं: कूलरच्या मोटरला समांतर ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ (मेन्सवर लावण्यासाठी बनवलेला) कपॅसिटर आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर. एक्स२ छापलेलाच घ्या, साधा सिरॅमिक मेन्सवर टिकत नाही. आणि कूलर या बोर्डाच्या रिलेवर घेऊच नका. त्याला स्वतःचा १६ अँपचा स्विच असू द्या.

भिंतीवर चढवण्याआधी

आधी टेबलावर, मेन्स न जोडता, लॅपटॉपच्या यूएसबीवर. स्क्रीन, बटणं आणि यूएलएनपर्यंतचं सगळं इथेच तपासून होतं. रिलेचा खट् आवाज ऐकायला पाच व्होल्टचा चार्जर लावा. त्या वेळी यूएसबी काढलेली असावी, दोन्हीकडून वीज देऊ नका. मेन्स चालू असताना लॅपटॉप कधीच जोडू नका.

मग सिरीज बोर्ड: १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालून खालच्या डब्याला वीज द्या. बल्ब भगभगून पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि फ्यूज उडण्याआधीच ते कळलं. क्षणभर चमकून विझला तर एसएमपीएस नीट आहे. त्यानंतर एकेक दिवा: स्विचने लावा, बटणाने विझवा, बटणाने लावा, स्विचने विझवा, आणि प्रत्येक वेळी स्क्रीन खरं सांगते का बघा. शेवटी ईएसपी३२ सॉकेटमधून उपटून चारही स्विच चालतात याची खात्री करा. रिले पडलेला आणि स्विच एका ठरावीक बाजूला असतानाच दिवा लागत असेल, तर सीओएम आणि एनसी यांची अदलाबदल झाली आहे.

स्क्रीन प्लेटला चिकटवायला ग्लू गन वापरू नका. पश्चिमेच्या भिंतीत, मागे एसएमपीएस असताना, मे महिन्याच्या दुपारी तो गोंद मऊ होतो आणि स्क्रीन हळूहळू तिरकी घसरते. एम२चे स्क्रू लावा, खाली नायलॉनचा वॉशर. स्क्रू आवळताना काच तडकते ती वॉशर नसल्यामुळे. प्लेटमध्ये खिडकी कापताना प्रत्यक्ष उजळणाऱ्या भागाचं माप घ्या. तो साधारण २२ बाय ११ मिलिमीटर असतो, आणि काचेच्या मधोमध नसतो, जरा वर सरकलेला असतो. मधोमध धरून कापली की नावाची खालची किंवा वरची कड झाकली जाते आणि प्लेट वाया जाते. खालच्या डब्याला तळाशी आणि माथ्याशी ४ मिलिमीटरची चार-चार भोकं पाडा म्हणजे गरम हवा वर निघेल. आतून बारीक जाळी लावा, नाहीतर पावसाळ्यात मुंग्या आणि पालीची पिल्लं रिलेच्या आसऱ्याला येतात.

झाकणाच्या आतल्या बाजूला तारांची आकृती, पिनांचे नंबर आणि वायफायचं नाव चिकटवा. त्याच प्रोग्रामचा दुसरा ईएसपी३२ तयार करून घरात ठेवा. तो सॉकेटमध्ये बसणारा असेल तर बदलायला वायरमनची वाट बघावी लागत नाही, मेन स्विच बंद करून पाच मिनिटांचं काम आहे.